मामंजींची खाट आणि गावची तालीम

लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. नवरा फौजेत, इटलीत कुठंतरी, आणि घरात मी आणि माझे सासरे अशी दोनच माणसं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. आमचं गाव इस्लामपूरपासून दोन कोसांवर. तेव्हा तो सगळा मुलूख सातारा जिल्ह्यातच मोडायचा. थोडा ऊस, बाकी जोंधळा, एक म्हैस, आणि भावकीत सामाईक असलेली विहीर. त्या विहिरीच्या पाण्यावरून भावकीशी बोलणं बंद, त्यामुळं चुलत दीर-जावा असून नसल्यासारख्या. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मग कुणी विचारायला नको, की अगं, घरच्यांनी काय केलं? घरच्यांनी काहीही केलं नाही.

मामंजी पहिल्या लढाईतले हवालदार. पेन्शनीत आले तरी चालणं-बोलणं पलटणीचंच. आमच्याकडं सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायची रीत नव्हती. मधे तिसरं माणूस लागायचं. घरात तिसरं माणूस नव्हतं, पण म्हणून रीत मोडतील ते मामंजी कसले? ते दाराकडं बघून म्हणायचे, "चहा ठेवा म्हणावं." मीही काही कमी नव्हते. मी गोठ्याकडं तोंड करून म्हशीला सांगायची, "साखर संपलीय म्हणावं." अशी आमच्या दोघांत म्हैस मध्यस्थ. तरी आमचं बरं चाललं होतं. माझ्या हातची आमटी त्यांना आवडायची, आणि त्यांच्या धाकामुळं कुणाची माझ्याकडं वाकडी नजर करायची टाप नव्हती.

गावात त्यांना एकच गोष्ट डोळ्यांपुढं नको असायची, ती म्हणजे तालीम. चावडीमागं मारुतीच्या देवळाला लागून तालमीची खोली होती. तीस-एक पोरं तिथं जोर-बैठका काढायची, लाल मातीत एकमेकांना लोळवायची. मामंजी त्या तालमीला रेड्यांचा गोठा म्हणायचे. "देश लढतोय आन् हे तेल लावून बसल्यात." हे ते चावडीवर बसून मोठ्यानं म्हणायचे, म्हणजे तालमीत ऐकू जावं. तालमीच्या वस्तादाचा आणि त्यांचा कित्येक वर्षांत राम राम नव्हता.

आणि एके दिवशी सकाळी रानातून येताना बांधावरच मामंजींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं. गड्यांनी घोंगड्यात घालून घरी आणलं. इस्लामपूरहून डॉक्टर आला. म्हणाला, वाचतील. पण सारखं कुशीवर वळवत राहा, रोज धुऊन काढा, उठवून बसवा. नुसतं उताणं ठेवाल तर पाठ सडेल आणि मग पाठीनंच जातील. एवढं सांगून टांग्यात बसून गेला. डॉक्टरला सांगायला काय जातंय? मामंजींचं अंग म्हणजे उसाची अख्खी मोळी, आणि मी तेव्हा वाऱ्यानं उडेन अशी.

तरी मी केलं. कसं केलं ते मलाच ठाऊक. ज्या सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याचं धोतर बदलायचं. मी तोंड भिंतीकडं करून चादरीखाली हात घालायची, आणि ते डोळे घट्ट मिटून घ्यायचे. दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कुशीवर वळवायला गेलं की अर्ध्यात हात सुटायचा आणि ते पुन्हा उताणे. महिनाभरात त्यांच्या माकडहाडापाशी कातडं लाल झालं, मग फुटलं.

त्यातच जतकडून मेंढरं घेऊन आलेला एक धनगर दारात उभा राहिला. माझं माहेर त्या बाजूचं, जतच्या पलीकडं, जिथं पाणी कमी आणि निम्मी माणसं कानडी बोलणारी. धनगरानं निरोप सांगितला, "तुजी आई आंतरुणाला खिळलीया. आडावर पाय घसरला, कंबार मोडली. डोळं तर कवाच गेल्यात. सारखं तुजं नाव घेती. बघायचं आसंल तर ये म्हनली."

मी त्याला भाकरी दिली, ताक दिलं, आणि तो गेल्यावर चुलीपुढं बसून पोटभर रडले. लग्न झाल्यापासून माहेरी गेले होते ती एकदाच. आधी नवरा फौजेत गेला म्हणून जाणं राहिलं, मग मामंजी पडले म्हणून राहिलं. मला आई हवी होती. सरळ सांगते, त्यात लाज कसली? ती जिवंत आहे तोवर तिच्या मांडीवर डोकं ठेवायचं होतं. आणि मामंजींना टाकून चार दिवस गेले असते तर परत येईतो ते पाठीनं गेले असते. त्यांना उचलणारं माणूस मिळालं तर मी जाणार, नाहीतर नाही. एवढा सरळ हिशेब होता.

भावकीत विचारलं. थोरल्या चुलत दिरानं विहिरीचं जुनं प्रकरण काढलं. शेजारच्या म्हातारीनं आढ्याकडं बघून 'नशीब बाई' म्हटलं. तिचं बरोबरच होतं, तिला स्वतःलाच उठताना भिंत धरावी लागायची.

मग एक दिवस कुणाचा तरी बैल विहिरीत पडला. आमच्याकडं असं काही झालं की सांगावा तालमीला. चिखलात गाडी रुतली, तालीम. वाशाला खांदा द्यायचा, तालीम. जत्रेत पालखी उचलायची, तालीम. पोरं दोर घेऊन लंगोटावरच पळत आली, खाली उतरली, बैलाच्या पोटाखालून दोर घातला आणि तो एवढा थोरला बैल त्यांनी अलगद वर काढला. शिंगालासुद्धा ओरखडा नाही. मी हंडा घेऊन काठावर उभी होते. सगळे बैलाकडं बघत होते, मी पोरांच्या दंडांकडं बघत होते. आता यात कुणाला काय वाटायचं ते वाटो. मला खाट दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालमीच्या दारात गेले. बाईमाणसानं तिथं जायचं नाही, दारावरून जाताना मानसुद्धा वळवायची नाही, हे लहान पोरीलाही ठाऊक. आत घुमणारा आवाज एकदम बंद झाला. वस्ताद बाहेर आले. साठीचा माणूस, कान मुरगळून गाठी झालेले, अंगाला माती. वस्ताद मुसलमान, पण शनिवारी मारुतीला तेल घालायला पहिले तेच.

"पोरी, वाट चुकलीस का? हितं बायामानसांनी येऊ न्हाई."

"उंबऱ्याच्या आत कुटं आलीया? भायेरच हाय," मी म्हटलं. "काल कुणाचा तरी बैल हिरीत पडला, तर तुमी दोर घेऊन पळत आलासा. माजा सासरा म्हयनाभर खाटंवर पडलाय. त्याला उचलायला कोन येनार? का त्याला आदी हिरीत ढकलू?"

आत कुणीतरी फिसकन हसलं. वस्तादांनी नुसतं मागं वळून बघितलं, हसू बंद झालं.

"तुजा सासरा आमाला रेडं म्हनतो," वस्ताद म्हणाले.

"म्हनतो. आजूनबी म्हनंल. त्येंचं तोंड वाकडं झालंय, जीब न्हाई."

यावर मात्र वस्ताद स्वतःच हसले. मग खाली बघून जरा वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. म्हणाले, "येतील पोरं. सकाळची मेहनत झाली की दोन गडी, सांजंला दोन. पाळी लावतो. पन माजी एक अट हाय. पोरं घरात आसतील तवर तू घरात थांबायचं न्हाई. तुजा मालक लढाईवर. गावाच्या तोंडाला हात कुनी लावायचा?"

मला अट पटली. गावाला जीभ असते हे मला नव्यानं कळायचं नव्हतं. मी शेजारच्या म्हातारीच्या ओट्यावर जाऊन बसायचं आणि पोरं गेली की घरात यायचं, असं ठरलं.

पहिल्या दिवशी मी परत आले तर मामंजी धुतलेले, धोतर स्वच्छ, खाट कोरडी. मी आनंदानं वेडी व्हायची राहिले होते. मामंजी मात्र संतापानं लालबुंद. डाव्या हातानं पितळी पेला खाटेच्या दांडीवर आपटत होते. मला वाटलं, अपमान वाटला असेल, निवळेल हळूहळू. अडला हरी गाढवाचे पाय धरी, सगळ्यांवरच वेळ येते. मी मनातल्या मनात जायची तयारी सुरू केली. आईसाठी एक मऊ गोधडी शिवायला घेतली, आणि पुढच्या बाजारादिवशी निघायचं असं ठरवून टाकलं.

पण तो पेला थांबेना. चौथ्या का पाचव्या दिवशी मी घरात पाऊल टाकलं आणि वास आला. अंथरूण सगळं खराब झालेलं. मामंजींचा लुळा खांदा सुजून टम्म, पाठीवर निळे वळ. जवळ पेला पडलेला, त्यात खाली साय आणि बदामाचा चोथा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोरांना मालिश एकच ठाऊक होती, कुस्तीच्या आदल्या दिवशी पैलवानाची करतात ती. कोपरानं, गुडघ्यानं, सगळा भार टाकून. आणि अशक्त माणसाला काय द्यायचं? तर खुराक. निरसं दूध, बदाम, खसखस आणि वर लोण्याचा गोळा. आपापल्या वाट्याचा खुराक पोरांनी मामंजींना पाजला होता. लढाईच्या दिवसांत बदाम डोळ्यांना दिसायची मारामार, आणि पोरांनी ते म्हाताऱ्याच्या घशाखाली घातले होते. मनानं पोरं सोन्यासारखी, त्यात शंका नाही. पण करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मामंजींचं बोलणं कुणाला कळत नव्हतं, ते पेला आपटून सांगत होते, आणि ते ऐकायला घरात माणूस नव्हतं. कारण मी रीत पाळून ओट्यावर बसले होते.

त्या दिवसापासून मामंजींनी तोंड मिटून घेतलं. पेज नाही, पाणी तेवढं जबरीनं घोटभर. पोरं आली की डाव्या हातानं खाटेची दांडी धरून ठेवायचे, सोडवता सुटायची नाही. माझा बाजाराचा दिवस आला आणि गेला. गोधडी अर्धी शिवून पडली.

मी पुन्हा तालमीवर गेले. या वेळी हळू आवाजात बोलायचा प्रश्नच नव्हता.

"वस्ताद, माज्या सासऱ्याला कुस्तीला कुटं सोडायचाय? म्हसवडच्या जत्रंत?"

सगळा प्रकार मी दारातून सांगितला. वस्तादांनी पोरांकडं बघितलं. ज्या दोघांची पाळी होती ते माना खाली घालून उभे. मला वाटलं आता यांना दणके बसतात. पण वस्ताद सरळ जाऊन लाल मातीत उताणे पडले. उजवा हात, उजवा पाय ढिला सोडला आणि म्हणाले, "मला वारं लागलंय. उचला."

दोघं पुढं झाले. एकानं मानेला कवळ घातली, दुसऱ्यानं कमरेत हात घातला, कुस्तीत घालतात तसा, आणि 'हूं' म्हणून ओढलं. वस्ताद केकाटले, "आरं मेलो! म्हाताऱ्याला चीतपट करायचाय का तुमास्नी?" पुन्हा उचला. पुन्हा चूक. मी दारात उभी राहून बघत होते, आणि न राहवून तिथूनच ओरडायला लागले.

"डोस्क्याखाली हात! आरं, लुळा हात आदी पोटावर घ्या, न्हाईतर आंगाखाली सापडंल!"

"आन् गुडघा वाकवा की त्येंचा. मग आपसूक वळतंय मानूस."

शेवटी वस्ताद पडल्या पडल्याच म्हणाले, "पोरी, तितनं वरडून घसा फोडू नगंस. आत ये आन् दाव."

मी क्षणभर थांबले, खोटं कशाला बोलू? मग मारुतीला हात जोडले, पदर खोचला आणि आत गेले. वस्तादांचा गुडघा कसा उभा करायचा, खांदा आणि कंबर दोन्ही एकदम कसं वळवायचं, ओली चादर काढताना कोरडी आधी कशी सरकवायची, सगळं दाखवलं. तेल हाताला पुसट लावायचं आणि लहान बाळाच्या पाठीवरून फिरवतो तसा हात फिरवायचा. जखमेच्या जागी हातच लावायचा नाही. पोरं आळीपाळीनं करून बघत होती. त्यांना कुणाला पाडायचं कसं ते हजार तऱ्हांनी येत होतं. न दुखवता उठवायचं कसं, ते त्यांना आजवर कुणी शिकवलंच नव्हतं. पण दमदार गडी, एकदा सांगितलं की हातात बसायचं. माझ्याच्यानं एकटीनं जे महिनाभर झालं नाही ते दोघं जण बोलता बोलता करून मोकळे झाले.

जाताना मी वस्तादांना सांगितलं, "आता मी घरातच थांबनार. दार उगडं ठिवून. काय बोलायचं ते गावानं बोलावं."

गाव बोललंच. चुलत जाऊ पाणवठ्यावर मला ऐकू जाईल असं म्हणाली, "नवरा लढाईवर आन् घरात पैलवान येत्यात म्हनं."

मी घागर खाली ठेवली. "येत्यात की. दोन येळंला येत्यात. तूबी येऊन ओट्यावर बस आन् बघ. येताना चार चिपाडं घेऊन ये, पानी तापवाय लागतंय."

बाया हसल्या. जाऊ त्या दिवशी हंडा अर्धाच भरून गेली.

राहिले मामंजी. पोरं शिकली, पण मामंजी दांडी सोडीनात. मी त्यांच्या खाटेजवळ बसले, आणि तोंड त्यांच्याकडं केलं. म्हैस मधे घेतली नाही.

"मामंजी, पोरं आता दुखवायची न्हाईत. मी हितंच बसती. का आडून बसलाय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तोंडातून शब्द नीट येत नव्हता, पण मला आता त्यांचं कळायला लागलं होतं.

"पोरं शिकली," ते म्हणाले, "की तू जाशील."

"जानार. आनि येनार."

त्यांनी मान हलवली. नाही येणार. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तोफांच्या आवाजात उभा राहिलेला तो माणूस, एवढ्यासाठी घाबरला होता! मला इतके दिवस वाटत होतं, हा ताठा आहे, जुनं वैर आहे. तसं काही नव्हतं. आपण दुसऱ्याच्या हातानं नीट राहतोय असं दिसलं तर ही पोरगी आपल्याला टाकून जाईल, ही धास्ती होती. मला त्यांचा राग आला आणि त्यांची मायाही आली, दोन्ही एकदम.

"मामंजी," मी म्हटलं, "तिकडं इटलीत तुमच्या लेकाला वाटत आसंल का न्हाई, की आपल्या बापाला एकदा बगावं? मलाबी आई हाय. ती आंदळी झालीया, तिची कंबार मोडलीया. मी जाऊन येती. आन् मी येती म्हटलं की येती. तुमची सून हाय, हवालदाराच्या घरातली."

बऱ्याच वेळानं त्यांनी दांडीवरचा हात काढला आणि पेल्याकडं बोट दाखवलं. मी पाणी पाजलं.

त्यानंतर मात्र घडी बसली. पाठीची जखम हळूहळू सुकत आली. पोरं त्यांना भिंतीला टेकवून बसवायला लागली. एकदा बसता आलं म्हटल्यावर मामंजींनी हवालदारकी सुरू केली. पाय वाकडा पडला की पेला एकदा आपटायचे, चादरीला सुरकुती राहिली की दोनदा. पोरंही गमतीनं कडक सलाम ठोकायची. वस्ताद एकदा स्वतः आले, खाटेशेजारी मांडी घालून बसले. मामंजींनी नुसती चंची पुढं केली आणि वस्तादांनी पान लावलं.

हे बघून मग एकेकजण तालमीवर जायला लागला. कुणाचा आंधळा बाप, कुणाचा दम्यानं बेजार चुलता. वस्तादांनी नियमच केला, की जो म्हातारी माणसं उचलायची पाळी चुकवील त्याला जत्रेत जोड मिळणार नाही. कुस्ती धरायची तर आधी खाट धरा. म्हाताऱ्या बायकांचं मात्र पोरांना करता येईना, ते आम्ही बायकांनी वाटून घेतलं. अर्धांगाची एक सोनारीण होती, तिच्या सुनेला दर बाजारादिवशी मोकळं करायचं, एवढ्यापासून सुरुवात झाली. तिची सून पहिल्या खेपेला बाजारात गेली आणि काहीही न घेता नुसती फिरून आली. तिला विचारलं तर म्हणाली, लय बरं वाटलं. गाव करील ते राव काय करील म्हणतात ते खोटं नाही. फक्त गावाला कुणीतरी दारात जाऊन ओरडून सांगावं लागतं.

पोरांच्या हातात मामंजींना बिनघोर सोपवता येतंय अशी खात्री झाल्यावर, आणि चूल-म्हशीचं बायकांनी अंगावर घेतल्यावर मी गोधडी पुरी केली आणि निघाले. कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं सांगली, पुढं मिरजेहून गाडी, मग एक बैलगाडी मिळाली ती, आणि शेवटचं चालत. उसाचा मुलूख मागं पडला तसं रान उघडं होत गेलं. माती पांढरी, जोंधळा गुडघाभर, माणसांच्या बोलण्यात कानडी. मी भरभर चालत होते. मनात एकच, की आई जिवंत असू दे.

आई जिवंत होती. अंधाऱ्या खोलीत घोंगडीवर पडली होती, इतकीशी झालेली. भाऊ रानात गेला होता. भावजय चुलीपुढं भाकरी थापत होती. मला बघून ती उठली, पाणी दिलं, गालावरून हात फिरवला आणि पुन्हा जाऊन बसली. मी आत जाऊन आईचा हात धरला.

"मी आली गं."

तिनं माझ्या तोंडावरून, नाकावरून, कपाळावरून हात फिरवला. मला वाटलं आता रडेल, कुरवाळेल. तिनं माझं मनगट घट्ट पकडलं.

"सासऱ्याला कुनाच्या गळ्यात घालून आलीस?"

"गावाच्या."

"गाव कुटं सांबाळतंय म्हाताऱ्याला? भांडून आलीस न्हवं? खरं सांग. उद्याच्या उद्या माघारी फिर. माज्यापायी त्यो म्हातारा मेला तर मला नरकात जागा न्हाई."

मग मी तिच्या शेजारी आडवी झाले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. बैल, तालीम, बदाम, सगळं. तिला पटेना. परक्याची पोरं परक्या म्हाताऱ्याची घाण काढत्यात? सोन्यासारखं अंग असलेले पैलवान? मी आईच्या गळ्याची शपथ घेतली, ती तिच्याच गळ्याची, तेव्हा कुठं विश्वास बसला. वस्ताद मातीत पडून केकाटले ते ऐकून तिला इतकं हसू आलं की कंबर दुखायला लागली. हसता हसता मला जवळ ओढलं. तिच्या अंगाला स्वच्छ वास येत होता. केस विंचरलेले, लुगडं धुतलेलं, पाठीला एक ओरखडा नाही. मी हात फिरवून बघितलं. इतकी नीट ठेवलेली म्हातारी मी आमच्या अख्ख्या गावात बघितली नव्हती.

आईला जणू माझ्या हातावरूनच कळलं. मग चुलीच्या दिशेला तोंड करून म्हणाली, "तू कवा गेली हुतीस गं म्हायेरी?"

भाकरी थापायचा आवाज थांबला.

"आगं, तुला इचारतीया."

भावजय दारात आली. पिठानं हात भरलेले. केस कित्येक दिवसांत विंचरलेले दिसत नव्हते. "मागल्या दसऱ्याला माजी आई हुती म्हनं, बाजारात कुनीतरी सांगितलं," ती म्हणाली. "आता हाय का न्हाई ते ठावं न्हाई, आत्याबाई."

आईनं माझं मनगट सोडलं आणि दाराकडं तोंड केलं.

"सकाळी उजाडलं की तुज्या आईकडं नीघ," ती म्हणाली. "हवं तेवडं ऱ्हा. माजी लेक आलीया, ती करंल माजं."

भावजय तिथंच उंबऱ्यावर बसली आणि पिठाचे हात तोंडावर घेऊन मोठ्यानं रडायला लागली. मी तिला उठवलं नाही. तव्यावरची भाकरी करपत होती, ती उलटली आणि काटवटीतल्या उरलेल्या पिठाला हात घातला.